वसूचा मचवा आणि दोन दुर्बिणी

१६ नोव्हेंबर १९५४
ह्यांनी आज परत तांब्या लवंडला. नेहमीच्याच जागी, डाव्या हाताशी ठेवला होता. वर मलाच ओरडले, "हडे कित्या ठेवलंस?" म्हटलं, लग्न झाल्यापासून तिथंच ठेवते. भात भिजला तो भिजलाच.

दुपारी मालवणहून आलेल्या बाबल्याने वसूचा निरोप दिला. मचवा कौलं घेऊन वेरावळला निघालाय. पंधरवड्यात आपल्या मार्व्यासमोरून जाईल, पण थांबणार नाही, मालक थांबू देत नाही. शिडाच्या वरच्या कोपऱ्याला पांढरं ठिगळ आहे, मीच शिवलंय, आबांना सांग, म्हणाला. माझा वसू, शाळेत असताना सदऱ्याचं बटण लावायचं तरी आईला हाक मारायचा!

हे जेवण टाकून उठले. "दुर्बीण घेऊक होयी," एवढंच.

१९ नोव्हें.
मनोरीला माणसं नेणारी आपली होडी, ती तर, ह्यांनी अर्धा दिवस मनोरीच्याच सायमनच्या भावाकडे दिली. तर सोडून हे कधी कुठे जात नाहीत, माझ्या बाळंतपणालासुद्धा गेले नव्हते. दोघं मालाडच्या बाजारात, युसुफभाईकडे. छावणी उठल्यापासून त्याच्या दुकानात लष्कराचं काय वाट्टेल ते मिळतं. बूट, तंबू, कंदील. दोन नळ्यांच्या दुर्बिणी दोनच होत्या. दोन्हींवर आठाचा आकडा. मला वाटलं मग निवडायचं काय त्यात?

युसुफभाई हसला. "भाभी, चीज दोनोंमें उतनीच बडी दिखेगी. लेकिन ये चौडी है, ये तंग है."

दुकानाच्या दारातून समोर बघितलं. अगं बाई! तंगमध्ये फक्त शिंपी. चौडीत शिंपी, त्याचं मशीन आणि पायरीवर बसलेली शेळी, तिघंही. शिंपी दोन्हीत तेवढाच मोठा. समुद्रावर एवढंसं शीड शोधायचं तर जास्त पाणी मावेल तीच बरी, हे माझ्यासारखीलाही कळलं.

हे दोन्हींतून कितीतरी वेळ बघत होते. म्हणाले, "सारकेच असत. युसुफ फसवता तुका." त्याच्या तोंडावर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तो माणूस भला. सासुरवाडी मनोरीची, आणि तरीवर ह्यांनी त्याला कधी ताटकळत ठेवलं नाही. म्हणाला, "दोनों ले जाव. समंदर पे देखो, फिर बोलो."

घरी येईपर्यंत मी बारसं उरकलं. रुंद ती मावशी, सगळ्यांना पोटात घेते. दुसरी सासू.

२१ नोव्हें.
दुपारी भांडी घासली आणि मावशीला गळ्यात अडकवून, सासूला पदरात घेऊन धक्क्यावर गेले. कुणी नव्हतं. पाणी ओसरलेलं, चिखलावर ऊन.

काय सांगू! पलीकडचं मनोरी उठून जवळ आलं. एक बाई दोरीवर लुगडं टाकत होती, तोंड हलत होतं, कुणाशी तरी भांडत असणार, पण आवाज नाही. कुत्रं भुंकलं, तेही मुक्यानं. सगळं पाण्याखाली चाललंय असं वाटलं. भोवती काळा गोल आणि गोलात ते दुसऱ्यांचं घर. मी किती वेळ बसले कोण जाणे. कुणाला न विचारता कुणाच्या अंगणात जाऊन बसल्यासारखं. माहेरी माळ्यावर बसायचे तसं, खाली सगळे बोलतायत आणि मी आहे हे कुणालाच ठाऊक नाही.

मग कामाचं. किनाऱ्यावरचे माड मोजले. मावशीत आठ मावले, सासूत सहा. झालं, ठरलं. मावशीच.

वसूचं शीड असंच दिसेल का? मुक्यानं. हाक मारली तर आपली आपल्यालाच ऐकू येणार.

२२ नोव्हें.
ह्यांना धक्क्यावर नेलं. म्हटलं आता समोरासमोर होऊन जाऊ द्या. नळ्या हलवायच्या नाहीत, मधल्या माडावर धरायच्या आणि किती दिसतात ते सांगायचं. आधी मावशी.

"तीन."

तीन कसे असतील? नीट बघा. "तीनच असत गो, मी काय आंधळो झालंय?"

मग सासू दिली. तरी तीन.

मी विचारलं, काळ्या गोलाच्या कडेला चौथा दिसत नाही का? तर म्हणतात, "कसलो काळो गोल?"

चेष्टा करतायत वाटलं. म्हटलं, युसुफभाईवरचा राग माडांवर काढू नका. दुर्बीण वाळूवर ठेवून तरातरा निघून गेले. वाटेत डावीकडे सुकत घातलेल्या जाळ्यात पाय अडकला. त्यावरही माझ्याकडेच वळून बघितलं, जसं काही जाळं मी घातलं.



२४ नोव्हें.
मनोरीचा सायमन संध्याकाळी घरी आला. एरवी येतो तो हसत, हातात बोंबील. आज बसला पण टेकला नाही. हे घरी नाहीत बघूनच आला असावा.

"वहिनी, तुझ्या तांडेलाला सांगू नको मी आलतो. आज माझी होडी डावीकडून येत होती. मी कवापासून ओरडतोय. त्याने बघितलंच नाय ना. घासून गेला. पोर पडता पडता वाचला माझा. वर मलाच शिव्या."

मी चहा ठेवला.

तांब्या. जाळं. होडी. तीन माड.

दुर्बिणीत फरक आहे. ह्यांच्या डोळ्यांत तो मावत नाही. दुर्बीण रुंद असो की अरुंद, हे बघतायत आपल्या स्वतःच्या सासूतून. कधीपासून, देवालाच माहीत. हळूहळू होत गेलं असेल. ह्यांना वाटत असेल जग असंच असतं. आणि रोज तीस-तीस माणसं त्या तरीत बसतात, लेकरंबाळं, कोंबड्या घेऊन.

हे जेवायला बसले तेव्हा मी डाव्या अंगाला उभी राहून कालथा हलवला. कानाजवळ. पुढे आणला, आणखी पुढे. नाकासमोर आल्यावर दचकले. "काय करतंस?" म्हटलं, माशी होती.

मोरीत जाऊन रडले.

२७ नोव्हें.
दुर्बिणीला चष्मा जुळवून घेऊ असं खोटं सांगून गिरगावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काळा पडदा. ह्यांनी मधल्या ठिपक्याकडे बघायचं, डॉक्टर काठीच्या टोकाला पांढरी टाचणी लावून कडेने आत आणणार, दिसली की हूं म्हणायचं. टाचणी सरकतेय, सरकतेय, हे गप्प. मी मागे बसून मनात ओरडत होते, म्हणा हूं, म्हणा ना हो!

काचबिंदू. कडेचं गेलं ते येत नाही. उरलंय ते औषधाच्या थेंबांनी राखायचं, राहिलं तर.

डॉक्टरने विचारलं, काम काय करता? हे लगेच म्हणाले, "वाडी असा. माड." डॉक्टर म्हणाला, मग ठीक, गाडीबिडी चालवत असता तर बंदच करायला लावली असती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मान पूर्ण वळवून. आता कळलं मान का वळवतात ते.

मी गप्प बसले. का बसले? भीती वाटली ह्यांची? नाही. तरीशिवाय हे दिसतच नाहीत मला. सुकाणू नसलेला ह्यांचा हात कसा दिसेल, मी बघितलाच नाहीये.

मार्व्याला उतरल्यावर म्हणाले, "सायमन इल्लो मगे?" सगळं ठाऊक होतं तर.

२९ नोव्हें.
आजही गेले तरीवर. थेंब घालून गेले, शहाण्या मुलासारखे.

मी धक्क्यावर मावशी डोळ्याला लावून. अख्खी तर मावते, आणि डावीकडचं पाणीही. ह्यांना दिसत नाही ते सगळं मला दिसतं, आणि माझा काही उपयोग नाही. एक होडी डावीकडून निघाली तशी मी उठून उभी राहिले. इथून ओरडून काय होणार? तिच्यातल्याने वल्हं उचलून वाट दिली. बहुतेक सायमनने सगळ्या मनोरीला सांगून ठेवलंय. सगळी खाडी ह्यांना सांभाळून घेतेय आणि कुणी बोलत नाही. पण पाहुणा येईल, परका येईल, त्याला कोण सांगणार?

उन्हात बसून बसून डोळे मिटायला लागले. मिटल्यावरही गोल दिसत राहिला, त्यात पाणी चमकतंय आणि हे उभे, तरुणपणचे, टोपी मागे सरकवलेली. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्या तरीत बसले तेव्हा असेच होते. मला वाटलं होतं, हा माणूस चारी बाजूंनी बघतो.

२ डिसेंबर
आज गेला!

पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटला तसे आम्ही आक्साच्या वाळूवर. शिडं येत होती, जात होती, सगळी मळकट. धुकं वर उठत होतं, पाणी कुठे संपतं कळत नव्हतं. मचवे आभाळात टांगल्यासारखे. मी मावशी इकडून तिकडे सावकाश फिरवत होते आणि एकदम पांढरा ठिपका. ठिगळ! "अहो, वसू!"

ह्यांच्या हाती दिली. फिरवतायत, फिरवतायत. पाणी, पाणी, आभाळ. मी मागून हात धरून वळवले. "हां, इल्लो," म्हणाले, आणि लगेच, "गेलो." परत. परत गेला. मचवा चालतो ना, उभा थोडाच राहतो.

शेवटी दुर्बीण माझ्या हातात दिली. "तू बघ. माका सांग."

मग मी सांगत गेले. शीड भरलंय. ठिगळ वाकडं शिवलंय हो, आपल्या वसूसारखंच. पुढे टोकाला, नाळेवर, कुणीतरी उभं आहे. वसू का? माहीत नाही. हात वर केला. दोरी ओढत असेल. नाही, हात केला, मी सांगते ना, हातच केला. हे उजवा हात वर करून उभे राहिले, नुसत्या डोळ्यांनी समुद्राकडे, जरा भलत्याच दिशेला. मी सांगितलं नाही. मचवा धुक्यात गेला तरी मी सांगतच होते.

परत येताना म्हणाले, "मोठी ठेव. बारकी युसुफाक परत दी. माका दोनय सारकेच, ती तुझ्यासाठी." चार पावलं गेल्यावर वाळूत थांबले.

"बाय, फाल्या तरीर जाव काय नको? तू सांगशीत तसा."

उद्या तरीवर जाऊ की नको, हे मला विचारतायत! एवढ्या वर्षांत ह्यांनी मला तरीबद्दल एक शब्द विचारला नव्हता. किती माणसं घ्यायची, कधी सोडायची, काहीच नाही. म्हटलं, घरी चला आधी, पेज गार होतेय.

आता दिवेलागण झाली. हे ओट्यावर बसलेत, माझ्याकडे पाठ करून. मी चूल पेटवली, लसूण सोलला, उद्याचं पीठ चाळलं. उद्या मनोरीच्या भाजीवाल्या सकाळीच टोपल्या घेऊन धक्क्यावर येतील. मी अजून काही म्हटलेलं नाही.