टेम्पोत बसायचं नाही

७ नोव्हेंबर
आले! पायांची लाकडं झालीत, पण आले. पंचवीस सायकली, सहा दिवस, रोज सत्तर किलोमीटर. नियम दोनच. सगळ्यांत पुढचा वळणावर खडूने बाण काढतो, सगळ्यांत मागच्याने तो बुटाने पुसायचा. आणि दुपारच्या जेवणाला जो शेवटी पोचेल, त्याने उरलेला दिवस सामानाच्या टेम्पोत बसायचं.

ह्यांनी निघताना पैज लावलीय — "एकदाही टेम्पोत न बसता आलीस, तर वर्षभर सकाळचा चहा मी करीन." तीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने गॅस पेटवलेला नाही! माझ्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. नाश्त्यालाच सगळ्यांना सांगून मोकळी झाले. शिलाई मशीन मारून कमावलेले पाय आहेत म्हटलं, बघाच.

शेवटून दुसरी आले. शेवटी एक निवृत्त हेडमास्तर. बसले बिचारे टेम्पोत.

८ नोव्हेंबर
आजही सरच शेवटी. चहाचा वास यायला लागलाय!

९ नोव्हेंबर
घोळ घातला. मागे पाहिलं तर चिटपाखरू नाही. वाटलं, सर थकून आधीच टेम्पोत चढले, म्हणजे मागची मीच. दोन बाण पुसले, चांगले घासून. सर मागे पंक्चर काढत होते! बाण न दिसल्याने बिचारे जाऊन-येऊन दहा किलोमीटर भलतीकडे फिरले. म्होरक्या सगळ्यांसमोर ओरडला, "ताई, पुसायचं तुम्हाला सांगितलं कुणी?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर मात्र हसत म्हणाले, "तिकडे तळं आहे हो छान. चुकलो म्हणून दिसलं." आणि पोचले माझ्यामागून अर्ध्या तासात. कुठली जवळची वाट सापडली कोण जाणे.

१० नोव्हेंबर
सकाळपासून चढ. मी सायकल ढकलतेय, मागे सर ढकलतायत, धापा टाकतायत. म्हटलं, "सर, टेम्पोतली जागा नावावर करून घ्या आता."
"घेतो की. उशी तेवढी शिवून द्या."
गट्टी जमली आमची.

११ नोव्हेंबर
ब्रेक घासत होता, म्हणून मुक्कामावर सायकल आमच्या दौऱ्याच्या मेकॅनिककडे नेली. तो चाक फिरवता फिरवता म्हणाला, "सर मागे राहतात ते बघवत नाही. दरवर्षी बाण तेच काढतात. तुमची ती चहाची पैज ऐकली आणि खडूचा डबा दुसऱ्याच्या हातात दिला. त्यात हा त्यांचा शेवटचा दौरा. गुडघ्यामुळे डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितलीय."

पाच दुपारी तो माणूस माझ्या चहासाठी तंबूच्या गाठोड्यांवर बसून राहिला. त्या धापासुद्धा खोट्या! आणि मी उशीचे विनोद करतेय. लाज वाटली. फार लाज वाटली.

१२ नोव्हेंबर
टेम्पोतून लिहितेय, अक्षर हलतंय. सकाळीच रस्त्याच्या कडेला फतकल मारली. सरांना म्हटलं, "खडूचा डबा घ्या आणि व्हा पुढे. नाहीतर उठायची नाही मी." आधी नाही-नाही म्हणाले. मग गेले ते गेलेच!

चहा गेला. सर कुठे दिसतच नाहीत, नुसते वळणावळणावर त्यांचे बाण. ड्रायव्हर दर वेळी गाडी हळू करतो — सगळ्यांत मागे आम्हीच, पुसायची पाळी आज माझी आहे.

मी उतरत नाहीय.