बटण दाबायला कुणीतरी

३ फेब्रुवारी २००९, मंगळवार

— आणि डोळे मिटून दाबलं तरी बोटाला माहीत असतं. डावं बटण म्हणजे आवाज गाळणारा माझा फिल्टर, उजवं ऑफिसातल्या ऋचाचा. बोटाला माहीत म्हणजे कानाला माहीत. कीबोर्डवर टॉवेल टाकून पाहिला. कीबोर्ड उलटा धरून पाहिला. मनात गोंधळ घालून भराभर बटणं बदलली, तरी शेवटी कुठे थांबले ते कळतंच. स्वतःपासून लपवता येत नाही.

बटण दाबायला दुसरं माणूस हवं.

पूर्वी सौमित्र दाबायचा. तो आता बंगलोरला असतो. याहून जास्त लिहायचं नाही.

प्रोग्राम लिहिला तर कॉम्प्युटर आपणच अदलाबदल करेल, उत्तरंही तपासेल. दहा मिनिटांचं काम. कंटाळा केला.

४ फेब्रुवारी

कोणता फिल्टर घ्यायचा हा वाद आमचा बॉस दिग्विजय याने आज मीटिंगमध्ये तोडून टाकला. पुढच्या शुक्रवारी, तेरा तारखेला, दोन्ही फिल्टर सगळ्यांनी ऐकायचे, कोणता कुणाचा ते न सांगता. आठ माणसांच्या कंपनीत ‘सगळे’ हा शब्द जरा मोठा आहे.

माझा फिल्टर चिपची चौपट ताकद खातो. खरं आहे. ऋचाचा हलका आहे, तेही खरं. पण करवतीसारखा कर्कश सूर घेतला आणि त्याची धार हळूहळू कापत आणली, की माझ्यात तो दार लोटल्यासारखा बंद होतो. तिच्यात कडी घातल्यासारखा. हे मला ऐकू येतं. दोन वर्षं हेच करत आले.

दिग्विजय म्हणाला, “आनंदी, तुझे कान सोन्याचे असतील. गिऱ्हाइकाची चिप पत्र्याची आहे.”

सगळे हसले. मीही हसले असणार.

“फरक ऐकू आला तर?” मी विचारलं.

“दरवेळी ओळखून दाखव. महागाची चिप घ्यायला मी स्वतः सांगतो त्यांना. नाही ओळखलंस तर तुझा फिल्टर विसरायचा. कायमचा.”

बरं म्हटलं. सगळ्यांसमोर! ऋचा खाली बघत होती. चोवीस वर्षांची आहे. तिने तिचा फिल्टर तीन आठवड्यांत लिहिला. माझ्या फिल्टरवर माझे दोन वर्षांतले बहुतेक रविवार गेले. रविवारी दुसरं काय करायचं होतं, हा प्रश्न निराळा.

५ फेब्रुवारी

संध्याकाळी बेल. समोरच्या द्वारकाबाई. दिवाळीपासून समोर राहतात आणि आमचं बोलणं आजवर कचऱ्याच्या गाडीपुरतंच. परभणीहून मुलाकडे आल्यात. मुलगा वैजनाथ हिंजवडीला — सकाळी कंपनीच्या बसने जातो, रात्री यांचा डोळा लागल्यावर येतो. एरवी संध्याकाळी त्या जिन्यात उभ्या दिसतात. कुणी चढलं-उतरलं की सरकून वाट देतात. वाट पुरेशी असते तरी.

“काय सारखं वाजवतीस गं? पेटी शिकतीस का?”

नाही म्हटलं.

“तसंच म्हणलं मी. इतक्या दिवसात पुढचा सूर आला नाही व्हय?”

मला एकदम हसू फुटलं. मग विचारूनच टाकलं — मावशी, एक बटण दाबाल का?

कॉम्प्युटर येत नाही म्हणाल्या. फक्त दोन बटणं, म्हटलं. एकावर खूण करू. “टिकली लाव की,” त्या म्हणाल्या. “तुझ्याकडची घे. माझ्याकडं नसती आता.” माझ्या फिल्टरच्या बटणावर टिकली लावली. मी त्यांच्याकडे पाठ करून, हेडफोन लावून, खिडकीकडे तोंड. त्या मनाला येईल ते बटण दाबणार. मी सांगणार — टिकली की कोरं. त्यांनी म्हणायचं — बरोबर की चूक.

वीस वेळा दाबलं. वीसही बरोबर!

“अगं माय! न बघता कसं कळतं तुला?”

त्या तासभर बसल्या. चहा दोनदा झाला. जाताना मी म्हणाले, उद्या परत. त्यांनी चपला घालता घालता मान हलवली, पण आधी थोडं थांबून. मला वाटलं नको आहे. नंतर दार लावताना पाहिलं तर तोंडाला पदर लावून हसत होत्या.

६ फेब्रुवारी

ऋचाला सांगितलं, वीसपैकी वीस. बढाई नाही, निरोप म्हणून. ती म्हणाली, “मॅम, लेव्हल्स मॅच केल्या होत्या ना?”

नव्हत्या.

मोजून पाहिल्या. माझा फिल्टर अर्ध्या डेसिबलने मोठा होता. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो, मोठा वाटत नाही. हे पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरचं आहे. हे मीच तिला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

“होतं असं,” ती म्हणाली. फार हळू म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे मी ऐकत होते ते काय? दार लोटणं, कडी घालणं — की फक्त मोठा आवाज?

रात्री. दोन्ही आवाज काट्यावर सारखे करून ठेवले. मावशी सातला आल्या. पाठ करून बसले.

टिकली. — “चूक.”

कोरं. — “चूक गं.”

टिकली. — “बरोबर.”

मग परत चूक. परत. मी हेडफोन काढला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. मार्केट यार्डातून रिकामे ट्रक परतत होते. आत मावशी खुर्चीवर तशाच, बोट बटणावर धरून. म्हणाल्या, “आज राहू द्यायचं का?”

राहू द्या म्हटलं. “उद्या?” त्यांनी विचारलं. बघू, म्हटलं.

७ फेब्रुवारी

ऑफिसला सुट्टी. दिवसभर कुणाशी बोलले नाही. दूधवाल्याशी एक वाक्य.

ऐकलं. दोन्हींत फरक आहे की मला फरक हवा आहे?

सातला बेल वाजली. मी ‘बघू’ म्हटलं होतं, तरी आल्या. शेंगदाण्याची चटणी घेऊन. नको म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, या.

पहिली दोन चुकले. मग लागलं. कुठे ऐकायचं ते कळलं — सूर मिटतो त्या अगदी शेवटी. आवाजाचा मोठेपणा नाही, वळण. त्यानंतर सगळी बरोबर! मावशी उत्तर द्यायला आज वेळ घेत होत्या. बहुधा बटणं आठवून बघत असतील. वय झालंय.

८ फेब्रुवारी

सगळी बरोबर. फरक आहे.

९ फेब्रुवारी

बरोबर. मावशींना सूर कसा कापला जातो ते समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, “आणि वैजनाथ करतो ते पन असलंच असतं का?” नाही, म्हटलं, तो बँकांचं करतो. “मला तो सांगतच नाही. म्हणतो, तुला नाही कळायचं.” मग थोड्या वेळाने — “तू सांगितलेलं पन नाही कळलं. पन सांगितलंस.”

११ फेब्रुवारी

दिग्विजयला सांगितलं, सारख्या लेव्हलवर ओळखते. दरवेळी. तो म्हणाला, “शुक्रवारी दाखव. आम्ही हार आणून ठेवतो.” ऋचाने चमकून पाहिलं. मी आवाज वरचाच ठेवला. कितीतरी दिवसांनी मला माझा आवाज आवडला.

घरी जेवताना मावशी समोर. हल्ली त्या जेवूनच जातात. मुलासाठी झाकून ठेवलेलं असतंच, तो खातो की नाही ते सकाळी भांड्यावरून कळतं, म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खराडीच्या ऑफिसातून घरी कशी आले आठवत नाही.

वीसपैकी नऊ.

नाणं उडवलं असतं तरी इतकेच आले असते. ऋचाने प्रोग्राम लिहून आणला होता. कॉम्प्युटरच अदलाबदल करतो, शेवटी आकडा दाखवतो. बाकीच्यांचेही असेच — कुणाचे दहा, कुणाचे बारा. पण बाकीच्यांनी दरवेळीची भाषा केली नव्हती. आकडा पडद्यावर आला. दिग्विजयने हाराची आठवण काढली नाही. त्याने टेबलावरचं पाणी माझ्याकडे सरकवलं. “हलका घेऊ या मग,” एवढंच म्हणाला.

दोन वर्षं.

लिफ्टपाशी ऋचा आली. “मॅम, घरी कशी टेस्ट केली होती?”

सांगितलं. एक शेजारीण बटण दाबते.

“प्रोग्राम का नाही लिहिला? दहा मिनिटांचं काम आहे.”

तिला खरंच कळत नव्हतं. लिफ्ट आली. आत शिरले.

सातला बेल वाजली. दार उघडलं नाही. दिवा बंद केला. बाहेर चपलांचा आवाज बराच वेळ जागच्या जागी.

१४ फेब्रुवारी

बेल. उघडलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज उघडलं. मावशी आत येऊन सवयीने कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसल्या. मी उभीच.

“मावशी, मी ओळखत होते का?”

त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला.

“खरं सांगा.”

“पहिल्या दिवशी ओळखलंस की सगळे. देवाशपथ.”

“नंतर?”

“नंतर... आता काय मोजलं का मी? कधी यायचं बरोबर, कधी नाही.” मग एकदम, “चूक म्हणलं की तुझं तोंड एवढंसं व्हायचं लेकरा. त्या दिवशी तू बघू म्हणलीस. बरोबर म्हणलं की म्हणायचीस, उद्या या.”

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. हात टेबलावर आपटला. माझी दोन वर्षं गेली म्हणाले. लोकांसमोर तोंडघशी पडले म्हणाले. त्या ऐकत होत्या. फिल्टर गेला हे त्यांना कळलं नसावं. मी ओरडते आहे हे कळलं.

शेवटी म्हणाले, “या आता आपण.”

आपण! दहा दिवस मावशी-मावशी करून.

त्या उठल्या. दारात चपला उलट्या पायांत घातल्या, मग काढून परत घातल्या. मी मदत केली नाही.

त्या गेल्यावर प्रोग्राम लिहायला बसले. दहा नाही, आठ मिनिटं लागली. चालवून पाहिला. पुन्हा नाणं उडवल्यासारखंच. यंत्र तोंड बघून उत्तर देत नाही. यंत्र उद्या येऊ का विचारत नाही.

आठ मिनिटं. तीन तारखेलाही तेवढीच लागली असती. मला माहीत होतं. कंटाळा केला, असं लिहिलंय मी. कंटाळा नव्हता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी वैजनाथची बस गेल्यावर मावशींची बेल वाजवली. दार अर्धंच उघडलं. “काय दाबायचंय?” त्यांनी विचारलं. काही नाही, म्हटलं. दार पुरतं उघडून त्या वाट देण्यासाठी सरकल्या. नाश्त्याला मुरमुऱ्यांची सुशीला केली होती. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच बसले. ऑफिसला उशीर झाला.