आई माझ्याकडे नको

हमरापूर
ता. ६ जुलै १९९८

जनूस पुतळीताईचा आशीर्वाद. तुझं कार्ड आलं. "एकोणीसच्या रविवारी आईला आणून सोडतो, आता तुझा नंबर," असं परस्पर लिहिताना मला एकदा विचारावंसं वाटलं नाय तुला? तिकडे अष्टमी गावात तुझ्या दोन खोल्या हायत, तुझी बायको शांती दिवसभर घरात असते. इथे गणपतीचा सीझन. पोरगा डोलवीला कंपनीत शिफ्टवर, मी सकाळपासून कारखान्यात. म्हातारीचं हगणंमुतणं कोण काढणार?

पण कामाचं हे निमित्त हाय. घरचे सगळे बरे हायत असं लिहिणार होते, ते पण खोटं.

कारखान्याच्या काळुरामशेठने मला मूर्तीचे डोळे रंगवायला बसवलं हाय. भिंतीला पाठ लावल्याशिवाय मला ते जमत नाय. मागून कोण आलं की मान खांद्यात जाते आणि कुंचला मूर्तीच्या गालावर. बायका म्हणतात, "पुतळे, भिंत पडत नाय गो, सोड तिला." मी पण हसते.

मिठागरात मीठ ओढताना माझा हात थांबला की आई मागून यायची. फोकाने पोटऱ्या फोडायची, मग त्याच पायांनी खाऱ्या पाण्यात उभी करायची. रडले की अजून वेळ. बाबा बांधावर विडी ओढत बसायचे, तू त्यांच्या शेजारी भाकरी खात. तू सहा वर्षांचा, तुला बोल लावत नाय. पण कार्डात लिहितोस, आईने आपल्याला मायेने वाढवलं. तुला वाढवलं असेल.

आता खरं लिहिते, वाचून फाडलंस तरी चालेल. मे महिन्यात माझ्या नातीने, मैनाने, सोनेरी रंगाची वाटी सांडली. पाच वर्षांची पोर. माझा हात कधी उठला कळलं नाय. पोटऱ्यांवर पट्टीचे चार वळ. आणि ती रडली नाय जनू, ओठ दाबून माझ्याकडे बघत राहिली. सून तिला उचलून माहेरी गेली ती अजून आली नाय. बरोबर केलंन तिने.

पोरीवर उठला तो हात, जी अंथरुणातून उठत नाय, घास भरव म्हणते, तिच्यावर उठणार नाय कशावरून? कधीकधी तर मला वाटतं, येऊ दे तिला. म्हणूनच ती नको.

शांतीला जड होत असेल तर महिन्यातले आठ दिवस मी तिकडे येईन, तुमच्या डोळ्यांदेखत तिचं सगळं करीन. मला एकटीला तिच्याजवळ ठेवू नको. रविवारी आणलीस तर घराला कुलूप दिसेल.

गुरुवार सोळा तारखेपर्यंत तुझं पत्र माझ्या हातात पाहिजे. आईचं काय ठरवलंस ते खाली लिही. वर पहिल्यांदा एवढंच लिही, बांधावर बसून तू ते बघितलं होतंस की नाय.

पुतळी