जिन्यातली पावलं

३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तुला बोलूच देत नाही अशी तुझी तक्रार, म्हणून पत्र. परीक्षा पास झाले आणि ॲम्ब्युलन्सवर रुजू झाले. गणवेशाची पँट इतकी लांब आहे की पाय घातला की मीच गायब होते.

रक्तदाब, ऑक्सिजन, मोडलेल्या हाताला फळी, सगळं जमतंय. अडलंय ते पायांत. आमच्या गाडीच्या प्रमुख ताईंचा नियम असा, की गाडीतून उतरलं की धावायचं नाही, भरभर चालायचं. काल एका आजोबांकडे जाताना मी दोन-दोन पायऱ्या चढत सुटले आणि आपटले. बॅगेतलं सगळं घरंगळत खालपर्यंत! ते पाहून दारातल्या सुनेनं हंबरडाच फोडला. आजोबांना नुसती चक्कर आली होती गं.

ताई ओरडल्या नाहीत. परतताना एवढंच म्हणाल्या, की पुन्हा असं झालं तर महिनाअखेरच्या शेऱ्यात मी या कामाला योग्य नाही असं लिहावं लागेल. पण कुणाचा जीव टांगणीला लागलेला असताना चालायचं कसं? बाबा म्हणतात, औषधांच्या दुकानात जागा आहे. जाऊ का?

फोडलेल्या कपबश्या वजा जाता उरेल तेवढा लोभ ठेव.

तुझी,
वावटळ

९ फेब्रुवारी

चि. वावटळीस,
अ. आ.

पँट पाठवून दे, आखूड करते. जिन्याचं वाचून आधी हसले, मग गुडघ्याबद्दल चकार शब्द लिहिला नाहीस म्हणून काळजीत पडले.

लहानपणी तू चालायला शिकलीच नाहीस, उठलीस ती थेट पळालीस. 'हळू गं' म्हणता म्हणता माझा घसा बसला. त्या ताईंना यश आलं तर मी त्यांचा सत्कार करीन.

पण दुकानाचं इतक्यात ठरवू नकोस. माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींचा हात लवकर बसतो; मशीनवरच्या पायाला धीर यायला वेळ लागतो. तोवर दोरा तुटतच राहतो.

मी ठीक. जिना चढताना जरा दम लागतो, वयाचं असेल.

गुडघा जप, लोभ मी जपते.

तुझी मावशी

१५ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

दम लागतो म्हणजे नेमकं काय? छातीत कळ येते? डाव्या हातात उतरते? घाम सुटतो? तसं झालं तर पित्त-पित्त करत बसू नकोस, लगेच ॲम्ब्युलन्स बोलाव. ऐकतेस ना?

माझं म्हणशील तर तुझ्या मशीनची लय मनात धरून चालते. तरी काल शेवटच्या चार पावलांत पळालेच, आणि ताईंनी पाहिलं. महिनाअखेर बाबांना दुकानाचं हो सांगणार आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
वावटळ

२२ फेब्रुवारी

चि. वावटळीस,
अ. आ.

अक्षर वाकडं आहे, कारण इस्पितळात आडवी पडून लिहितेय. आता धोका नाही. आधी पूर्ण वाच, मग घाबर.

परवा कापड बेतता बेतता छातीत कळ आली. डाव्या हातात उतरली, तेव्हा तुझं पत्र आठवलं आणि शेजारणीला हाक मारली. ॲम्ब्युलन्सला फोन केल्यावर ती बिचारी दारातून खिडकीत, खिडकीतून दारात नुसती धावत होती. तिच्याकडे बघून मला वाटलं, संपलं.

मग जिन्यात पावलं वाजली. भरभर, पण टाका घालावा तशी एकसारखी. तुझ्याच वयाची पोरगी होती. माझ्याशेजारी बसली, मनगट धरलं, कुठे दुखतंय ते विचारलं. तिला धापही लागली नव्हती. पण खरं सांगू? तिनं हात लावण्याआधी, त्या पावलांनीच मला सांगितलं होतं, की अजून वेळ आहे.

तुम्ही केवढं काम करता ते मला तेव्हा कळलं. औषधं कुठल्याही दुकानात मिळतात गं, ती पावलं मिळत नाहीत. त्या पोरीलाही कधीतरी कुणी तरी बोललंच असेल. तुलाही ती पावलं येतील.

हे वाचून तू धावत सुटशील, मला ठाऊक आहे. माझा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खाट जिन्याला लागून. मी कान लावून पडले आहे. चालत ये.

लोभ कुठे पळून जात नाही.

तुझी मावशी