शून्य युनिटचं बिल

३ फेब्रुवारी, सकाळी ९
विजेचं बिल आलं. सातशे. घरात माणसं दोन, ही आणि मी. ब्याण्णव युनिट जाळली. कोणी जाळली? मी नाही.
आजपासून मोहीम. युनिट निम्मी, बिल निम्मं. म्हणजे साडेतीनशे. सरळ त्रैराशिक. वजन-मापे खात्यात एकतीस वर्षं तराजू तपासत काढली, आकडा मला फसवू शकत नाही.
बायकोला सांगितलं. ती मशीनवर गणवेश शिवत होती. मान वर न करता म्हणाली की बिलाच्या मागे काय लिहिलंय तेही एकदा वाचा. मागे बारीक टाइप असतो. बारीक टाइप मी वाचत नाही. महत्त्वाचं असतं तर मोठा छापला असता.

४ फेब्रुवारी
सहा बल्ब काढले. आंघोळ गार पाण्याने. रक्ताभिसरण सुधारतं.

५ फेब्रुवारी
गीझर लावला. सर्दी झाली आहे, हा अपवाद. मोहिमेत अपवाद धरावेच लागतात.

८ फेब्रुवारी, दुपार
खालच्या मजल्यावर सिस्टर राहतात. इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते, त्या मला इन्स्पेक्टर म्हणतात.
सहज त्यांचं बिल मागून पाहिलं. युनिट अकरा, बिल दोनशे पंच्याण्णव! एक टेबलफॅन, एक रेडिओ, खोलीत एक बल्ब आणि जिन्यातला एक. तोही यांच्याच मीटरवर. एवढ्यात दोनशे पंच्याण्णव? मी त्यांना काटकसरीचे अकरा मुद्दे समजावले. त्यांनी चहा केला. म्हणाल्या, काही फरक पडत नाही हो, अकरा जाळली काय आणि पाच जाळली काय, एवढंच येतं.
वयोमानाने गणित कच्चं होतं माणसाचं. मी वाद घातला नाही. बिल निम्म्यावर आणून देईन असा शब्द दिला. पहिली कामगिरी म्हणून जिन्यातला बल्ब काढून त्यांच्या हातात ठेवला. जिना लोक दिवसाढवळ्याच चढतात-उतरतात, तेव्हा सगळं दिसतं.

१६ फेब्रुवारी
फ्रिज दिवसाआड. दूध नासलं. ते दूधवाल्याच्या दर्जामुळे.

२० फेब्रुवारी
बायकोच्या मशीनची मोटर काढून ठेवली. पायाने चालवायला सांगितलं. शाळेचे चाळीस गणवेश द्यायचेत, महिन्याअखेर, असं काहीतरी ती म्हणाली. मी म्हटलं, पायांना व्यायाम. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पटलं असावं.

२१ फेब्रुवारी
मोटर परत बसवलेली दिसली. मी पाहिलं नाही असं दाखवलं. पुढारी माणसाने कधी कधी डोळेझाक करावी.

३ मार्च, सकाळी ९.२०
बिल आलं. युनिट सेहेचाळीस! बरोब्बर निम्मी. अभिनंदन.
बिल चारशे सत्तर.

३ मार्च, ९.४०
पुन्हा पाहिलं. चारशे सत्तरच.

३ मार्च, संध्याकाळ
निष्कर्ष: मीटर पळतो. एकशेवीस जास्त लावलेत. विद्युत कंपनीला चार पानी पत्र लिहिलं. खाली सही, 'एक जागरूक ग्राहक'.
सिस्टरांकडे गेलो. त्यांची युनिट पाचवर आली होती. पूर्ण महिना त्यांनी रेडिओ लावला नाही, पंखाही नाही. संध्याकाळी खिडकीजवळ बसून राहायच्या, उजेड संपला की आडव्या व्हायच्या. बिल माझ्यापुढे ठेवलं. दोनशे पासष्ट.
"तीस वाचले," त्या म्हणाल्या. "महिनाभराची गाणी."
एवढंच. चेष्टेत बोलल्या की नाही ते कळलं नाही. मी म्हटलं, मीटर त्यांचाही पळत असणार. मग चहा न घेताच वर आलो. काम होतं.

४ मार्च
खाली रेडिओ सुरू झाला आहे. आवाज जरा मोठाच.

१४ मार्च
कंपनीचा तपासनीस आला. तरुण माणूस, नम्र, पण अनुभव नाही. मी आधी माझी ओळख दिली, मग तपासणीची पद्धत समजावली. त्याने त्याच्याच पद्धतीने तपासलं. मीटर ठीक. तपासणीचे पैसे मात्र आमच्या बिलात लागणार.
मग त्याने माझं बिल उलटं केलं आणि बारीक टाइपावर बोट ठेवलं. स्थिर आकार, दोनशे चाळीस. दर महिन्याला. वीज वापरा, नका वापरू. त्याच्यावर मग युनिटचे पैसे, पाचाच्या दराने. मी निम्मे केले ते फक्त वरचे. खालचे दोनशे चाळीस जागचे हलले नाहीत.
मी विचारलं, न वापरलेल्या गोष्टीचे पैसे का? तो म्हणाला, "काका, खांब, तारा, मीटर, आमच्यासारखी माणसं, हे सगळं तुम्ही दिवा लावा, नका लावू, उभंच असतं ना."
मी म्हटलं, मग बसायला सांगा सगळ्यांना.
बायकोने त्याला सरबत दिलं. जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि दहा मिनिटांनी परत आली. जिना पंधरा पायऱ्यांचा आहे.

१५ मार्च
रात्रभर हिशेब केला, म्हणजे दहापर्यंत. सिस्टर म्हणतात ते बरोबर होतं, पण त्यांना कारण माहीत नसणार. त्यांच्या बिलातला उजेड पंचावन्नचा, बाकी सगळा खांब. जितकं कमी जाळाल तितका उजेड महाग. कोपऱ्यावरच्या बंगल्यात तीन एसी आहेत, तिथेही खांब तेवढ्याच पैशांत उभा! हा अन्याय आहे. याला वाचा फोडणारा कोणीतरी हवा होता. मी आहे.
बायकोने विचारलं की तुम्हाला आता काय करायचंय. सांगितलं, पूर्ण महिना शून्य युनिट. शून्य वापरावर दोनशे चाळीस मागणारा कागद हातात आला की त्यांना उघडं पाडतो. म्हणजे तुम्हाला एकही पैसा द्यायचा नाही, ती म्हणाली. अगदी बरोबर, मी म्हटलं. तिने पुन्हा विचारून खात्री करून घेतली. हल्ली ती माझं म्हणणं लक्षपूर्वक ऐकते.

१ एप्रिल, सकाळी ७
मेन स्विच बंद. वर कागदाची पट्टी चिकटवून सही केली, मेणाचं सील ठोकलं. खात्यातली सवय. हात अजून सराईत आहे.
बायकोने आवराआवर केली. मशीन, इस्त्री, कापडाचे गठ्ठे आणि स्वतःची उशी घेऊन खाली सिस्टरांकडे गेली. माहेरी चार दिवस जाते तसं असेल.

३ एप्रिल
घरात फार शांतता. विचाराला पोषक. मोबाइल न्हाव्याकडे चार्ज करतो. तिथे रोज दाढी करावी लागते, पण ते बिलात धरायचं नाही.

६ एप्रिल
उकाडा. दुपारी सिस्टरांच्या वायरिंगची पाहणी करायला खाली गेलो. टेबलफॅनचा प्लग सैल वाटला. नजर ठेवण्यासाठी त्याच्यासमोरच बसलो. अडीच तास. या दोघी गणवेशांना काजं करत होत्या आणि रेडिओ ऐकत होत्या. सिस्टरांचा टाका अजून सरळ पडतो, जखमा शिवलेला हात. माझ्या बसण्याला कोणाची हरकत दिसली नाही.

७ एप्रिल
प्लगची पाहणी. तीन तास.

८ एप्रिल
पाहणी.

१२ एप्रिल, संध्याकाळी ७.३०
पाहणी संपवून वर येताना जिन्यात पडलो. अंधार होता. घोटा सुजला. सिस्टर तोंडात टॉर्च धरून आल्या, तिथेच पायरीवर बसून त्यांनी पाय बांधला. पट्टी उत्तम. तोंडात टॉर्च असल्यामुळे काही बोलता आलं नाही त्यांना, तेवढं बरं झालं. बायकोने जिन्यातला बल्ब आणून लावला.
दोष पायरीचा आहे. उद्या टेप लावून मोजतो, दहावी मापात नसणार.

१३ एप्रिल
मापात आहे. आश्चर्य.

२० एप्रिल
कंपनीला सहावं पत्र. नऊ पानं. एकाही पत्राला लेखी उत्तर नाही, म्हणजे हादरलेत.
बायकोने दुपारी सिस्टरांना घेऊन रिक्षा केली. कुठे ते विचारलं. बटणं आणायला, म्हणाली.

३ मे, सकाळी ९
आलं! युनिट शून्य. स्थिर आकार दोनशे चाळीस. जगातला सर्वात सुंदर कागद. त्याला प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं.

५ मे, दुपारी ३
आज कंपनीच्या कचेरीत गेलो. काउंटरवर चष्मेवाल्या बाई. मी दोन्ही बिलं मांडली, आमचं आणि सिस्टरांचं फेब्रुवारीचं. म्हटलं, ही अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. एक पंखा, एक रेडिओ, दोन बल्ब. दोनशे पंच्याण्णवपैकी दोनशे चाळीस तुमच्या खांबाला जातात. ती अंधारात बसली तरी खांबाचं चुकत नाही. ती बसली होती, महिनाभर बसली होती, माझ्या सांगण्यावरून. तिला सूट द्या. आमचं नंतर पाहू.
का कोण जाणे, हे शेवटचं घरून लिहून नेलेल्या भाषणात नव्हतं. रांगेतल्या एका गृहस्थाने मान डोलावली. बाईंनीही नीट ऐकलं. म्हणाल्या की तुमचं म्हणणं खोटं नाही, पण दर वरून ठरतो, इथे नाही. तरी लेखी द्या, वर पाठवते.
मी म्हटलं, सहा वेळा दिलंय.
त्यांनी फाइल काढली. सहाही पत्रं नीट लावलेली. प्रत्येकावर शिक्का: अर्जदार ग्राहक नाही.
मी ओळखपत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "काका, जोडणी तुमच्या मिसेसच्या नावावर आहे. ग्राहक त्या आहेत."
घर सासऱ्यांनी दिलेलं, तेव्हाची जोडणी. बिलावर आडनाव आणि एकच आद्याक्षर छापतात, आमच्या दोघांचं आद्याक्षर सारखंच. चोवीस वर्षं मी तिचं बिल स्वतःचं म्हणून वाचत होतो.
मग बाईंनी फाइलमधला शेवटचा कागद दाखवला. तारीख वीस एप्रिल. एक पानी अर्ज, बायकोचं अक्षर: वरच्या मजल्यावर वीज वापरली जात नाही, तरी जोडणी कायमची बंद करावी. साक्षीदार म्हणून सिस्टरांची सही. अर्ज मंजूर. जोडणीच नसली की स्थिर आकारही नसतो, बाईंनी समजावलं. तेवढा एकच मार्ग आहे. मिसेसना कसं बरोबर कळलं, असंही म्हणाल्या.
तपासनिसाने जिन्यात दहा मिनिटं काय सांगितलं ते आत्ता कळतंय.

५ मे, संध्याकाळ
बायकोला जाब विचारला. ती बटण लावत होती. म्हणाली, "तुम्हाला एकही पैसा द्यायचा नव्हता. मी दोनदा विचारलं होतं." दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

८ मे
वायरमन येऊन मीटर काढून घेऊन गेला. भिंतीवर पांढरा चौकोन उरला आहे. माझं सील त्याने पान्हा अडकवून फोडलं. कामाची पद्धत रांगडी.
तत्त्वतः मी जिंकलो आहे.

९ मे
निषेध. आजपासून खाली जाणार नाही. पंख्याखालीही नाही.

११ मे
पहाटे गच्ची बरी असते. बाकी वेळ न्हाव्याकडे. त्याने आज विचारलं, काढायला आता काही राहिलंय का.

१४ मे
नवीन जोडणीची चौकशी केली. मनात नाही, माहिती असावी म्हणून. नवीन अनामत, तीन आठवडे थांबायचं आणि अर्जावर ग्राहकाची सही. घरात ग्राहक कोण ते आता माहीत आहे. सही मागितली. गणवेश संपले की बघते, म्हणाली. नवीन शाळेचे साठ आलेत.

१८ मे, दुपार
निषेध स्थगित. हवामानाचं कारण. खाली माझी खुर्ची होती तिथेच होती. सिस्टरांनी न विचारता सरबत दिलं.

३ जून, सकाळी १०
सिस्टरांचं बिल आलं. दोन घरांची एकच जोडणी, युनिट सत्तावन्न, बिल पाचशे पंचवीस. पूर्वी दोन्ही घरांचं मिळून हजाराला पाच कमी यायचं. ही बचत मी घडवून आणली असं मी सुचवून पाहिलं. मशीन सुरू होतं, ऐकू गेलं नसेल.
वाटणी सिस्टरांनी केली. इस्त्री-मशीनची युनिट बायकोची, बाकीची त्यांची. खांबाच्या दोनशे चाळीसचे तीन वाटे. त्यांचे ऐंशी, हिचे ऐंशी, माझे ऐंशी.
मी हरकत घेतली. एकही युनिट माझ्या नावावर नाही. शिवाय नऊ ते सतरा मे, सलग नऊ दिवस मी या घरात पाऊलही ठेवलेलं नाही. तारखा रोजनिशीत आहेत, दाखवू शकतो.
सिस्टरांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, "तुम्ही आलात, नाही आलात, इन्स्पेक्टर, तुमची खुर्ची तर पंख्यासमोर मांडलेलीच होती."
बायको हसली. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा. सिस्टरांना दोनशे पंच्याण्णवच्या जागी आता दीडशेही पडत नाहीत, हेही तिने ऐकवलं.
ऐंशी भरले. पंखा एकवर होता. उठून तीनवर केला.