परदेशी शिवणवर्गाची मुख्य बाई

३ मार्च, सोमवार
सगळ्यात आधी घरी टपकली मंडळातली नर्सबाई, मागोमाग लायब्ररीवाली, आणि तिच्या मागे एक कोवळी पोरगी, कुणाची कोण जाणे. चप्पल काढायच्या आधीच नर्सबाई ओरडली, माई, परवानगी मिळाली गं! समुद्रापलीकडच्या पूर आलेल्या गावात आमचं सेवा मंडळ जाणार, बायकांना शिवण शिकवायला. मंडळात शिवण येतं कुणाला? मला. म्हणजे मीच मुख्य बाई. आजवर गेले ती कुणाच्या तरी बाळंतपणाला नाहीतर आजारपणाला. माझ्यासाठी म्हणून तिकीट निघतंय ते हे पहिलंच. चहात साखर टाकायचीच राहिली. तसाच प्यायल्या बिचाऱ्या.

६ मार्च, गुरुवार
चाचणी झाली. तिथे तंबू टेकडीवर, म्हणून ज्याने त्याने आपली बॅग मंडळाच्या हॉलच्या जिन्याने वर न्यायची. मी पहिल्या वळणावर टेकले. दमले म्हणून नव्हे, कठडा बघत होते, छान आहे. मग वॉचमनने बॅग वर नेली आणि नर्सबाईने मला. केवढा मान! ती म्हणाली, माई, तुझे गुडघे गं. म्हटलं, गुडघ्यांनी कोण शिवतं? माझं मशीन हाताचं आहे. लायब्ररीवाली हसली, नर्सबाई नाही. ठराव: उद्यापासून रोज जिना.

७ मार्च, शुक्रवार
लिफ्ट रिकामी उभी होती. सोमवारपासून जिना.

११ मार्च, मंगळवार
मला असिस्टंट दिली! तीच पोरगी. मी तिला चिमणी म्हणते. नर्सबाईने बजावलं, हिला सगळं शिकव माई, काही हातचं राखू नकोस. पोरगी सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढते. म्हणाली, आजी, तुमच्यासारखा हात मला कधी बसायचा? म्हटलं, घाबरतेस काय, तिकडे मी आहे ना शेजारी. तिने मान खाली घातली. लाजाळू आहे. सूनबाई आतून म्हणाली, आई, त्यांना एकदा स्पष्ट विचारून घ्या. काय विचारायचं? खिडकीची जागा? ते आयत्या वेळी बघू.

१५ मार्च, शनिवार
मंडळाचा निळा कुडता आला, अगदी माझ्या मापाचा. लायब्ररीवाली चाचरत म्हणाली, माई, जरा आत घ्याल का? चिमणीच्या मापाने? घेतला. बाह्यासुद्धा. आत कापड राखून ठेवलंय, पुढे सैल करायचा झाला तर. माझा दुसरा येत असणार. मुख्य बाईचा वेगळाच असेल, रंगसुद्धा.

१८ मार्च, मंगळवार
सूनबाई म्हणाली, आई, नर्सबाईंचा मला फोन आला होता, तुम्हाला सांगायचा त्यांना धीर होत नाहीये. म्हटलं, समजलं, मला मंडळाची अध्यक्ष करतायत. ती एकच पातेलं कितीतरी वेळ घासत बसली.

२० मार्च, गुरुवार
दोघी चिमणीला घेऊन मशीन न्यायला आल्या. नर्सबाई माझा हात धरून बसली. म्हणाली, डॉक्टर नाहीच म्हणाले गं, मी खूप भांडले. म्हटलं, बरं, मग दुसऱ्या तुकडीत जाईन. ती नाही म्हणाली नाही, म्हणजे ठरलंच. मशीनला तेल घालून दिलं. चिमणीला सांगितलं, चाक उलटं फिरवू नकोस, दोरा तुटतो. पोरगी रडायलाच लागली. एवढं काय रडायचं तेलाला?
दारातून वळून नर्सबाई म्हणाली, रविवारी आम्ही दोघी येतो माई, निवांत बसू. त्यांचं विमान तर शनिवारी पहाटेचं आहे, गडबडीत विसरली असेल. का माझ्यासाठी पुढे ढकललं असेल? शब्दाला पक्की आहे ती. लिहून ठेवते: रविवार, २३ तारीख. दोघी येणार.