जुन्या एकाला नवे दोन

मंगळवार पेठ, कोल्हापूर
वैशाख शु॥ पंचमी

चि. तात्यास थोरल्या अक्काचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे आहेत त्या जागी आहेत, त्याहून जास्त मी त्यांच्याकडून मागत नाही. तुझी दातांची कवळी नीट बसली का? बसली असेल तर काढून ठेव आणि मग पुढचं वाच, नाहीतर हसताना ती चहात पडेल आणि त्याचा दोषही माझ्या माथी येईल. बिद्रीला ऊन फार आहे म्हणतात. शाळामास्तरला सुट्टी असते, तेव्हा तुला ऊन लागलं म्हणून मी काही रडणार नाही.

आता मुद्द्याचं. पाडव्याला तू मला कार्ड धाडलंस की, अक्का, आता शंभर पैशांचा रुपया झाला, हा हिशेब तुझ्या आवाक्यातला नाही, बटवा सुनेच्या हाती दे आणि जप कर. (असलं कार्डावर लिहू नये. पोष्टमनानं ते मला देताना "जाऊ द्या आक्का, वय झालं की" असं म्हणून समाधान केलं.) हे तुझ्याकडून कोणी लिहून घेतलं ते मला ठाऊक आहे. माझ्याच नृसिंहानं. त्यानं कचेरीतून आण्याचे नवे पैसे करायचा छापील तक्ता आणला, स्वयंपाकघराच्या दारावर खळीनं चिकटवला आणि जाहीर केलं की अक्षय तृतीयेचा मुहूर्त चांगला आहे, त्या दिवशी बटवा कालिंदीकडे. कालिंदी मॅट्रिक आहे ना! ती खाली मान घालून म्हणाली, "आईंना उगीच त्रास कशाला?" अडतीस वर्षं तो बटवा माझ्या कमरेला आहे. तुझे मेहुणे वारले त्या दिवशीसुद्धा सामानाचे पैसे मीच मोजून दिले. आणि आता मेलं एक कागद चिकटवून मला पेन्शनीत काढायला निघाले.

मी पिशवी घेतली आणि भाजीला गेले. तिथं आपली तानाबाई गिऱ्हाइकाशी भांडत बसली होती. हातात नवा पैसा धरून ओरडत होती, "ह्यो काय पैसा हाय व्हय? पोलक्याचं बटण हाय की! माझ्या गावात ह्याला कुत्रं इचारत न्हाय." गल्ल्याखाली तिनं असली वीस-पंचवीस बटणं टाकून दिली होती. मी म्हटलं, बाई, जुन्या एकाला दोन देतेस का? तिनं माझ्याकडं अशी कीव करून बघितलं की सांगता सोय नाही. "घ्या आक्का, घ्या सगळी. नातवाला खेळायला व्हतील." मी घेतली. नात्यातली चार माणसं मला अडाणी समजतातच, त्यात एक भाजीवाली वाढली.

तात्या, तू मास्तर असलास तरी पुरुष आहेस, म्हणून फोड करून सांगते. चैत्र म्हणजे चैत्रागौरीचं हळदीकुंकू. घराघरांत गौरीपुढं आरास, कैरीची डाळ, पन्हं, आणि आलेल्या बाईच्या ओटीत भिजवलेले हरभरे. यंदा वकिलीणबाईंनी त्या हरभऱ्यांवर एकेक कोरा नवा पैसा ठेवला. सोन्यासारखा चमकणारा! झालं. पेठेतल्या बायकांचा जीव वरखाली. जी ती नवऱ्याला ब्यांकेत पिटाळायला लागली, आणि ब्यांक माणशी मोजकेच द्यायची. हे मला कळलं कुठून? हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही. पण ओसरीवर बसलेल्या म्हातारीसमोर बायका सगळं बोलतात, जसं काही मी उखळ आहे.

दुपारी घर घोरत असताना मी तानाबाईचे मळके पैसे चिंच-मीठ लावून घासले, तांब्याची घागर घासतो तसे. वर राख. असे लखलखले की टाकसाळवाल्यानं लाजावं. मग भाव ठरवला: जुन्या एकाला नवे दोन घ्यायचे आणि जुने दोन घेऊन नवा एक द्यायचा. यात तक्ता कुठं लागतो सांग बघू. शेजारच्या धोंडुबाईला मध्ये घातली, (तिला शेकडा पाच पैसे, ती माझे शेकडा सात खाते, चालायचंच) आणि माल गेला की गेला! तानाबाईनं सगळा बाजार माझ्याकडं लोटला. शाहूवाडीकडच्या तांदूळवाल्यासुद्धा "आजी, हितं बटणं घेत्यात व्हय?" करत दाराशी. आणि खुद्द कालिंदीनं आपल्या हळदीकुंकवासाठी धोंडुबाईकडून चाळीस पैसे घेतले. माझेच. घासाघीस न करता. मॅट्रिक!

मग आली पंचाईत. चिंचेत ठेवलेला तांब्याचा पैसा ओल्या हरभऱ्यांत गेला की काय होतं, हे मला सुचायला हवं होतं. बायका घरी पोचेपर्यंत पैसे काळे आणि हरभऱ्यांवर हिरवट डाग. दुसऱ्या दिवशी वकिलीणबाई पाच जणींना घेऊन धोंडुबाईच्या दारात, आणि धोंडुबाईनं एवढंसं सुद्धा न थांबता बोट दाखवलं माझ्याकडं. घरात कालिंदी. नृसिंह जेवायला बसलेला. मला वाटलं, गेला बटवा, तृतीयेचीसुद्धा वाट बघायला नको.

मी हातातलं सूप खाली ठेवलं आणि त्यांनाच विचारलं, गौरीपुढचा पैसा काळा पडला आणि तुम्ही तो घरात ठेवलात? म्हटलं, अगं, घरावरची दृष्ट त्यानं स्वतःवर घेतली, म्हणून काळा पडला. उजळला असता तर काळजीची गोष्ट. आता तो तिजोरीत ठेवू नका, देवात ठेवू नका, खर्चू तर मुळीच नका. वकिलीणबाईंचा चेहरा उतरला. "मग करायचं काय, आजी?" म्हटलं, माझ्याकडं आणा. काळे दोन द्या, कोरा एक न्या. माझं काय, मला दृष्ट लागण्यासारखं उरलंय काय? संध्याकाळपर्यंत ओसरीवर रांग. पैशावरची चिंच मात्र तेव्हापासून धुऊन पुसून काढते.

अक्षय तृतीयेला नृसिंहानं पाटावर बसून घसा साफ केला, "आई, तो बटवा..." मी बटवा त्याच्या पुढ्यात उलटा केला. खर्च वजा जाता नऊ रुपये सहा आणे नफा. तो मग कचेरीतल्या आवाजात म्हणाला, "हे नव्या पैशांत किती?" मी म्हटलं, तू सांग, तक्ता तुझा. तो म्हणाला, सहा आण्यांचे सदतीस. कालिंदी म्हणाली, अडतीस. तो म्हणाला, अर्धा पैसा सोडायचा असतो. ती म्हणाली, तुमच्या घरात सोडत असतील. दोघं दारापाशी जाऊन त्या कागदावर बोटं ठेवून भांडत बसली, पुरणपोळी गार झाली. मी सगळे पैसे गोळा केले, बटवा कमरेला खोवला आणि म्हटलं, तुमचं जमलं की कळवा. अजून जमलेलं नाही. तुझं ते कार्ड मी चुलीत घातलं, चहा त्यावर झाला.

मुलांना पापे, सौ. ला आशीर्वाद.

तुझी अक्का

ता. क. तानाबाईला कोणी शिकवलं देव जाणे. कालपासून तिच्या पाटीत भाजीशेजारी चिंचेचा गोळा असतो. "आक्का, आता म्या बी घासतो." कृतघ्न बाई. धंदा बंद.

ता. क. दुधवाला, वाणी, सगळे पुढच्या महिन्यापासून नव्या पैशांतच घेणार म्हणतात. बटवा माझ्याकडं आहे. एका आण्याचे सहा की सात, आणि मग दीड आण्याचं काय, हे मला अजून ठाऊक नाही. दारावरच्या कागदापुढं मी क्षणभर जरी उभी राहिले तरी कालिंदी बघते. कार्डावर उत्तर लिहिशील तर पोष्टमन आहेच. तेव्हा तू स्वतःच ये आणि आठ दिवस राहा. दुपारी घर झोपलं की शिकव. अक्काला भावाची आठवण अनावर झाली असं मी घरात सांगितलंय. तसलं काही झालेलं नाही.